विकास आराखड्यात आपली वस्ती कुठे आहे?

आरक्षण हा शब्द उच्चारला की या देशातील प्रस्थापितांच्या कपाळावर आठ्या पडतात. गुणवत्तेचे काय, असा प्रश्न लगेच पुढे येतो. परंतु आरक्षणाचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याला गुणवत्तेची कसोटी कोणी लावत नाही. शहराच्या विकास आराखड्यात जमिनीच्या तुकड्यांवर रंग भरलेले असतात. हा तुकडा बगीच्यासाठी आरक्षित, तो शाळेसाठी, हा बाजारासाठी, तो बसस्थानकासाठी. कोणाच्या दारासमोर बगीचा यावा, कोणाच्या घरावरून रस्ता जावा आणि कोणाच्या वस्तीशेजारी कचऱ्याचा डेपो यावा, हे या आरक्षणाने ठरते. पुढची वीस वर्षे त्या शहरात कोण कसे जगणार याचा निकाल एका नकाशावर लागतो. नोकरीतील आणि शिक्षणातील आरक्षणासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. परंतु जमिनीवरचे हे आरक्षण ठरते तेव्हा आपण कुठे असतो?

हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो, मग वाचकांना. वीसेक वर्षे काळा कोट घालून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर आम्हाला एक गोष्ट कळली आहे. अतिक्रमण हटावची नोटीस घेऊन आपला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्याच्या घरावर बुलडोझर आज आलेला असतो, पण त्याचा रस्ता आठ-दहा वर्षांपूर्वीच नकाशावर आखलेला असतो. त्या वेळी हरकत घेण्याची संधी होती. ती संधी कायद्याने दिली होती, पण ती दिल्याची वार्ता वस्तीपर्यंत कोणी पोहोचवली नाही.

चळवळीचा आरंभच नगरपालिकेच्या ठरावातून

काही कार्यकर्ते म्हणतात, नळ, नाली, रस्ता हे नगरसेवकाचे काम, चळवळीचा विषय मोठा असतो. अशा मित्रांना आम्ही महाडची आठवण करून देतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले आणि कागदावरचा ठराव जमिनीवर उतरवला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे दहा वर्षे न्यायालयात लढून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला.

यातला धडा काय? एक तळे कोणाचे, हा नागरी नियोजनाचा प्रश्न होता. ठराव करणारी संस्था स्थानिक होती आणि ठराव फिरवणारीही तीच. म्हणजे स्थानिक संस्थेच्या हाती सत्ता आली की न्याय आपोआप मिळतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे. बाबासाहेबांना ही भाबडी समजूत कधीच नव्हती. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा दलितांच्या प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर पंचायत म्हणजे बहुसंख्य जातीच्या हातातील आणखी एक हत्यार ठरेल, हा धोका त्यांनी सभागृहात मांडला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिले आणि संविधानाचा घटक व्यक्ती असेल, गाव नव्हे, असे ठणकावले.

म्हणून स्थानिक लोकांचा सहभाग, लोकसहभाग, मोहल्ला समिती, क्षेत्रसभा असे गोड शब्द कानावर आले की आंबेडकरी माणसाने पहिला प्रश्न विचारावा : स्थानिक म्हणजे कोण? त्या सभेत खुर्चीवर कोण बसणार आणि सतरंजी कोण उचलणार?

कायदा काय म्हणतो

१ जून १९९३ पासून संविधानाची ७४ वी दुरुस्ती अमलात आली. तिने नगर परिषदा आणि महानगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना राखीव जागा दिल्या आणि बारावे परिशिष्ट जोडले. त्या परिशिष्टात १८ विषय आहेत. पहिलाच विषय आहे नागरी नियोजन. नववा विषय समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, दहावा झोपडपट्टी सुधारणा. कागद वाचला तर ऊर भरून येतो.

पण तिथेच एक आकडा दडला आहे. अनुच्छेद २४३-एस प्रमाणे प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात. गोंदिया शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ३३ हजार होती. राईस मिलचे शहर, मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन, 'अ' वर्गाची नगर परिषद, पण घटनेने सक्तीची केलेली प्रभाग समिती त्याच्या वाट्याला नाही. तिरोडा तर त्याहून कितीतरी लहान. देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, सालेकसा येथे नगरपंचायती. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती आणि त्यातली सुमारे १७ टक्के शहरी. म्हणजे ज्या शहरात माणूस नगरसेवकाला नावाने हाक मारतो आणि जिथे समिती चालवणे सर्वांत सोपे, तिथेच ती देण्याची सक्ती नाही! २००९ साली महाराष्ट्राने नागरी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली. केंद्राचा निधी मिळवण्यासाठी ती अट होती. अट पूर्ण झाली, निधी आला, क्षेत्रसभा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

गावात ग्रामसभा आहे. ती कशी चालते हा वेगळा विषय, पण गावातल्या बाईला उभे राहून सरपंचाला हिशोब विचारता येतो. तेच गाव शहर झाले की तिचा हा अधिकार संपतो. शहरात तिला पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचे आणि गप्प बसायचे.

आमगावने शिकवलेला धडा

आमच्या जिल्ह्यातल्या आमगावइतके याचे बोलके उदाहरण दुसरीकडे सापडणार नाही. २०१४ साली राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे ठरवले. आमगावात मात्र नगरपंचायत की नगर परिषद, आणि रिसामा, बनगाव, पदमपूर अशी आजूबाजूची गावे आत घ्यायची की बाहेर ठेवायची, यावर वाद पेटला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात. वर्षामागून वर्षे गेली. निवडून आलेली सभा नव्हती, प्रशासक कारभार पाहत होता. गाव राहिले नाही म्हणून ग्रामीण योजना बंद आणि शहर पुरते झाले नाही म्हणून शहरी योजनांचा पत्ता नाही, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. शेवटी २०२२ च्या अखेरीस या आठ गावांतील वैतागलेल्या लोकांनी आम्हाला मध्य प्रदेशात सामील करा, अशी मागणी केली. भवभूतीचे गाव म्हणून ज्या पदमपूरचा अभिमानाने उल्लेख होतो, त्या परिसरातल्या माणसाला आपले राज्य सोडावेसे वाटावे, यात लाज कोणाची?

या प्रकरणात कोणाची बाजू कायदेशीर, यावर आम्ही येथे निकाल देत नाही. आमचा मुद्दा साधा आहे. गावाचे शहर करणे हा नियोजनातला पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय. त्याने कर बदलतो, घरकुलाची योजना बदलते, ग्रामीण रोजगार हमीचे काम जाते, शेतीच्या जमिनीचा भाव बदलतो. ज्याच्याकडे दहा एकर आहेत त्याला प्लॉट पाडता येतात. ज्याच्याकडे दोन हात आहेत त्याचे हमीचे काम जाते. असा निर्णय घेताना अधिसूचना काढून हरकती मागवल्या जातात. परंतु मजुरी करणाऱ्या माणसाने अधिसूचना कुठे वाचायची? गोंदिया शहराला चिकटलेल्या कुडवा, कटंगी, फुलचूर या गावांकडे पाहा. तिथे घरे शहरासारखी झाली आहेत, कारभार ग्रामपंचायतीचा आहे. उद्या हद्दवाढीचा प्रस्ताव आलाच तर तिथल्या टोल्यांमधल्या भूमिहीनांना कोणी विचारणार आहे काय? की प्लॉटचे व्यापारी आणि पुढारी यांच्या बैठकीतच ते ठरणार?

प्रशासकाच्या राज्यात सभा कोणाची?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. राज्यातील असंख्य नगर परिषदा आणि महानगरपालिकांच्या निवडणुका २०२२ पासून लांबल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कान टोचले तेव्हा चाके हलली. गोंदिया नगर परिषदेची मुदत २०२२ साली संपली होती, मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. मधल्या काळात सभागृह म्हणजे एक अधिकारी. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच.

विकास आराखड्यावरील हरकती ऐकण्यासाठी कायद्याने एक नियोजन समिती सांगितली आहे. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. सभागृहच नसेल तर लोकांचे हे तीन प्रतिनिधी कुठून आणायचे? जिल्हा नियोजन समितीचेही तेच. अनुच्छेद २४३-झेडडी प्रमाणे तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे आहेत. गावांच्या आणि शहरांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा आराखडा तयार करणे हे तिचे घटनात्मक काम. प्रत्यक्षात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत निधीचे वाटप होते, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. राखीव जागेवरून निवडून येणारा आपला नगरसेवक जेव्हा सभागृहातच नसतो, तेव्हा राजकीय आरक्षणही आपोआप स्थगित होते. त्यासाठी कुणाला घटनादुरुस्ती करावी लागत नाही. निवडणूक पुढे ढकलली की काम भागते.

एका वस्तीची हकिकत

आता कायद्याची पुस्तके मिटवून आम्ही एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व विदर्भातले एक लहान शहर. नाव घेत नाही, कारण तसे शहर प्रत्येक वाचकाला स्वतःच्या जवळ सापडेल. शहराच्या कडेला नाल्यापलीकडे आपली वस्ती, साठेक घरे. विटांच्या भट्टीवर, राईस मिलमध्ये, बिडी कारखान्यात राबणारी माणसे. एक विहार, विहाराला लागून एक बोडी.

त्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. राजपत्रात आला, वर्तमानपत्रात नोटीस आली. वस्तीला पत्ता नाही. कळले कसे? वस्तीतला एक तरुण झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. एक प्लॉटवाला नकाशाच्या प्रती काढायला त्याच्याकडे आला. पोराने मशीनवर नकाशा पसरला आणि आपली वस्ती शोधू लागला. नाला सापडला, बोडी सापडली, वस्ती सापडेना. तिच्या जागी लिहिले होते 'रिकामी जागा', आणि मधून एक रुंद रस्ता. रात्री तो नकाशाची प्रत घेऊन आमच्या घरी आला. हरकतीची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. लक्षात घ्या, प्लॉटवाल्याला पहिल्या दिवशी कळले होते.

रविवारी विहारात वंदनेनंतर सभा झाली. आम्ही नकाशा भिंतीवर लावला आणि बोट ठेवून दाखवले. सत्तरीच्या पुढची एक आजी उठली. म्हणाली, "वकीलसाहेब, कागदावर आम्ही नाही म्हणता. मग इलेक्शनच्या यादीत आमची नावं कशी हो येतात?" सभेत हशा पिकला, पण तो फार वेळ टिकला नाही. त्या आजीने आमच्या सगळ्या पुस्तकांचे सार एका वाक्यात सांगितले होते. मत घेताना वस्ती असते, जमीन वाटताना नसते.

नंतरच्या आठ दिवसांत त्या वस्तीने जे केले ते आम्ही विसरणार नाही. पोरांनी टेप घेऊन घरे मोजली आणि वहीवर स्वतःचा नकाशा काढला. बायांनी घरोघरी फिरून विजेची बिले, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्डे गोळा केली. म्हाताऱ्यांनी कोणते घर कधी उभे राहिले ते सांगितले. प्रत्येक घराची वेगळी हरकत लिहिली, शिवाय वस्तीची एक सामूहिक. प्रत्येकीची पोच घेतली. सुनावणीच्या दिवशी मजुरी बुडवून माणसे आली. समोरच्या साहेबांनी पहिल्याच बाईला विचारले, "मालकीचा कागद आहे का?" आम्ही उभे राहिलो आणि सांगितले की हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने मालकाला नव्हे तर कोणत्याही व्यक्तीला दिला आहे. येथे मालकीचा दावा चाललेला नाही, येथे शहर कसे असावे हे ठरते आहे. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही.

निकाल काय लागला? रस्ता नाल्याच्या बाजूला सरकला. वस्ती रहिवासी क्षेत्रात आली. परंतु नऊ घरे रुंदीकरणाच्या रेषेत राहिली ती राहिलीच. वाचनालयासाठी जागा आरक्षित करा ही मागणी फेटाळली गेली. आणि एक गोष्ट आम्ही लपवत नाही. घरे वाचवण्याच्या घाईत आम्ही बोडीकडे पाहिले नाही. बोडीच्या काठाचा पट्टा आराखड्यात व्यापारी वापरासाठी दाखवला होता. त्यावर एकही हरकत गेली नाही. दोन पावसाळ्यांनंतर तिथे मुरूम पडू लागला. आता पावसाचे पाणी विहाराच्या पायरीपर्यंत येते. ती चूक वकील म्हणून आमची होती. नकाशा वाचायचा तर पूर्ण वाचावा, फक्त स्वतःचे घर वाचू नये, हे आम्ही त्या बोडीपासून शिकलो.

मुंबई-पुण्याने काय केले

असे फक्त लहान शहरातच घडते असे नाही. मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याची तयारी सुरू झाली तेव्हा जमीन वापराच्या नकाशात ढोबळ चुका निघाल्या. झोपडपट्ट्यांच्या नियोजनाचा विचारच नाही, गावठाणे आणि कोळीवाड्यांच्या नोंदी अपुऱ्या. 'हमारा शहर मुंबई' अभियानातून वस्त्यांमधील लोक, कामगार संघटना आणि अभ्यासक एकत्र आले, वॉर्डावॉर्डात नकाशे वाचले गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आले आणि इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना ते दुरुस्तीसाठी परत पाठवावे लागले. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले. पुण्यात २०१३ च्या प्रारूपावर ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. पुण्यातच २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत सुरू झाली. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून हेच केले आणि गरीब वस्त्यांकडे पैसा वळवला. केरळने १९९६ साली लोकनियोजनाची मोहीम काढून खालच्या संस्थांना निधी दिला. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही.

परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. मोठ्या शहरांतील नागरिकांच्या मंचांत अनेकदा बंगल्यातली, सोसायटीतली माणसे पुढे असतात. त्यांच्या मागण्यांच्या यादीत बगीचा पहिला आणि फेरीवाले हटवा, झोपड्या हटवा हे दुसरे! त्यांच्या लेखी झोपडीत राहणारा नागरिकच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली उपजीविका हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला, पण मंचाच्या बैठकीत तो निकाल कोणी वाचत नाही. म्हणून आमची मागणी नुसती समिती द्या अशी नाही. समितीत वस्तीच्या लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, मुस्लिम मोहल्ले, कष्टकरी महिला यांना जागा द्या आणि समितीच्या ठरावाला उत्तर देणे नगर परिषदेवर बंधनकारक करा, अशी आहे. प्रतिनिधित्वाशिवायचा लोकसहभाग म्हणजे गावकीचेच नवे नाव.

आपला दोष

दुसऱ्याला दोष देणे सोपे असते. आपल्या घरात डोकावून पाहू. आपल्या वस्तीतला कार्यकर्ता नगरसेवकाकडे जातो तेव्हा काय मागतो? सभामंडप, प्रवेशद्वार, पुतळ्याभोवती कठडा, जयंतीची वर्गणी. या गोष्टी नकोत असे आम्ही म्हणत नाही, त्यामागे भावना आहे आणि ती पवित्र आहे. पण प्रवेशद्वार ज्या जमिनीवर उभे राहते ती जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे, हे आपण कधी विचारले? राखीव प्रभागातून निवडून गेलेला आपला माणूस पक्षाच्या आदेशावर हात वर करतो. ज्या विषयावर हात वर केला तो विषय आपल्याच वस्तीवरचा होता, हे त्याला घरी आल्यावर कळते. मग राजकीय आरक्षण कामाला आले की कोणाच्या कामाला लागले?

घटनेचे शिल्पकार ज्यांचे बाप, त्यांनी कायद्याला घाबरू नये. कायद्याच्या वाटा फार कठीण नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ मधल्या काही पायऱ्या प्रत्येक वस्तीने पाठ कराव्यात.

पहिली पायरी, कलम २३. नगर परिषद आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्याच वेळी जागे व्हावे. त्यानंतर विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. सगळी मेख तिथे असते. त्या नकाशात वस्ती नसेल तर पुढच्या कोणत्याच नकाशात ती येणार नाही. सर्वेक्षण करणारे आले की त्यांच्यासोबत वस्तीतली माणसे हवीत.

दुसरी पायरी, कलम २६. प्रारूप प्रसिद्ध होते आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकती मागवल्या जातात. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, सुनावणी मागावी. नुसता विरोध लिहू नये, पर्याय लिहावा. रस्ता नको म्हणण्यापेक्षा रस्ता येथून न्या म्हणावे.

तिसरी पायरी, कलम २८ ची सुनावणी आणि त्यानंतरचा अहवाल. आपल्या हरकतीवर काय लिहिले ते माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागावे. आराखडा पुढे कलम ३१ खाली शासनाकडे मंजुरीला जातो. तेथेही मोठे बदल झाले तर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

चौथी पायरी, मंजुरीनंतरची. आराखडा मंजूर झाला म्हणजे लढाई संपली असे नाही. कलम ३७ खाली त्यात फेरबदल होतात, मैदान जाते आणि संकुल येते. कलम १२७ प्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत नगर परिषदेने पाऊल उचलले नाही तर आरक्षण रद्द होते. गरिबांच्या शाळेचे आणि दवाखान्याचे आरक्षण असेच गुपचूप मरते. नोकरीतला अनुशेष आपण मोजतो, तसा जमिनीवरच्या आरक्षणाचा अनुशेषही मोजला पाहिजे. आणि या गोष्टीला आव्हान देता येत नाही असे कोणी सांगितले तर बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा हा १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवावा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय तिथल्या रहिवाशांच्या याचिकेवर रद्द झाला. रहिवासी असणे हाच त्यांचा अधिकार मानला गेला.

विहार हीच आपली क्षेत्रसभा

शासन क्षेत्रसभा देईल तेव्हा देईल. आपल्याकडे विहार आहे. प्रत्येक वस्तीत दर रविवारी माणसे जमतात. महिन्यातला एक रविवार नकाशासाठी द्यावा. दोन मुले आणि दोन मुली निवडाव्यात. त्यांनी नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळवावी, इतिवृत्त मागावे, राजपत्रातल्या नोटिसा पाहाव्यात आणि विहाराच्या फळ्यावर लिहाव्यात. वकिली करणाऱ्या आपल्या मुलांनी महिन्याला एक दिवस फी न घेता बसावे. त्या बैठकीला शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुस्लिम बांधवांना, ढिवर, गोंड, हलबा, कोष्टी समाजातल्या कष्टकऱ्यांना बोलवावे. नाल्याचे पाणी जात विचारून घरात शिरत नाही. निवडून आलेल्या नव्या नगरसेवकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, विहारात बोलवून तीन प्रश्न विचारावेत : आमची वस्ती आराखड्यात कोणत्या रंगात आहे? आमच्या वस्तीतली कोणती आरक्षणे रद्द झाली? आणि त्या दिवशी तुमचा हात वर होता की खाली?

१९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. या मातीतल्या मतदारांनी ज्यांनी देशाला संविधान दिले त्यांना पराभूत केले. हा डाग आमच्या जिल्ह्यावर आहे आणि तो भाषणांनी पुसला जाणार नाही. त्यांनी दिलेल्या संविधानातील एकेक अनुच्छेद आपल्या गल्लीत उतरवला तरच तो थोडाफार फिका होईल.

त्या वस्तीतली आजी आता हयात नाही. तिचे घर रुंदीकरणाच्या रेषेतल्या नऊ घरांपैकी एक होते. रस्ता अजून झालेला नाही, रेषा मात्र नकाशावर कायम आहे. तिचा नातू झेरॉक्सच्या दुकानातून आता कायद्याच्या वर्गात गेला आहे. आराखड्यात पुन्हा फेरबदलाची नोटीस निघाली तर ती पहिल्या दिवशी वाचणारा एक माणूस तरी त्या वस्तीत आहे. वाचकहो, तुमच्या वस्तीत असा माणूस कोण आहे? नसेल तर येत्या रविवारी विहारात हाच विषय घ्या.

जयभीम!